गुरुजी, काय सांडलंय?

परभणीत लोकसभेचं मतदान २६ एप्रिल २०२४ ला झालं. मशीन जमा करून घरी यायला रात्रीचे तीन वाजले होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलो, पण उन्हं कलली तशी घरात बसवेना. गावामागच्या माळावर गेलो आणि खाली मान घालून पाऊल पाऊल सरकू लागलो. शेळ्या घेऊन उतरणाऱ्या मावशी थांबल्या.

"गुरुजी, काय सांडलंय?"

"सांडलं नाही मावशी. पाखराची अंडी हुडकायलोय."

"कोणच्या पाखराची?"

"रात्री टक टक करतं ना, ते."

मावशींनी काठी उचलून तरवडीच्या झुडपांपलीकडं दाखवलं. "ते व्हय. त्या पळसाखाली बसलंय, चार रोज झाले. म्या शेळ्या वरल्या अंगानं नेते."

दोन वर्षं मी ज्या पाखराची जागा शोधत होतो, ती मावशींना चार दिवसांपासून माहीत होती. एवढंच नाही, तर त्यासाठी त्यांनी शेळ्यांची वाटसुद्धा बदलली होती.

पाखराचं नाव रातवा. जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेचं एक टोक उतरतं. जिल्ह्याच्या मानानं जंगल म्हणावं असं जे थोडंफार उरलंय, ते इकडं आणि गंगाखेडच्या बाजूला बालाघाटात. आमच्या माळावर सालई आहे, धावडा आहे, पळस, हिवर, बोरी आणि सगळीकडं तरवड. खाली मुरूम, काळे दगड आणि कुसळीचं गवत. उन्हाळ्यात पानं झडली की डोंगराचा बरगडा न् बरगडा दिसतो. रातव्याला हीच जागा लागते. आकारानं तो साळुंकीएवढा. रंग सांगायचा तर वाळलेलं पान, राख, मुरूम आणि कुजलेलं लाकूड एकत्र कुटल्यासारखा. मानेमागं फिकट बदामी पट्टा, गळ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे डाग. चोच दिसायला एवढीशी, पण उघडली की जबडा डोळ्यांच्या मागपर्यंत फाकतो. चोचीभोवती राठ केस असतात. मधल्या बोटाच्या नखाला कंगव्यासारखे दाते असतात. उडताना पंखांचा आवाज नाही. दिवसभर भुईला चिकटून बसायचं आणि दिवेलागणीला उठायचं.

दिसला नसला तरी त्याचा आवाज आमच्याकडं प्रत्येकानं ऐकलेला असतो. फरशीवर उंचावरून काचेची गोटी सोडली की ती आधी सावकाश, मग भराभर उड्या मारत थांबते, तसा. टक्, टक्, टक्, टक्‌टकर्र. मी लहान होतो तेव्हा उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपल्यावर हा आवाज यायचा. माय म्हणायची, टकटक्या आला, आता झोप. आमच्या घरात त्याला तेवढंच नाव होतं. रातवा हा शब्द मला फार उशिरा, पुस्तकातून कळला. मारुती चितमपल्लींच्या एका पुस्तकाचं नावच 'रातवा' आहे. बी.एड. करताना ते वाचलं आणि मायचा टकटक्या कोण होता ते समजलं.

त्याच्या अंड्यांशी माझी पहिली गाठ २०२२ च्या एप्रिलमध्ये पडली. ती हकीकत सांगताना मला अजूनही अवघड होतं.

भर दुपारी मी माळ ओलांडत होतो. पायापासून हातभर अंतरावर भुईचाच एक तुकडा उडाला. पाचसहा पावलांवर जाऊन तो पडला, एक पंख लोंबवत फडफडू लागला. मला वाटलं माझाच पाय पडला त्याच्यावर. मी मागं गेलो, तो आणखी सरकला. मी पुन्हा गेलो, तो पुन्हा सरकला. बऱ्याच पुढं नेल्यावर तो धडधाकट उडून गेला. तेव्हा लक्षात आलं की त्यानं मला कशापासून तरी लांब नेलंय. परत आलो, आणि पळसाच्या दोन वाळल्या पानांच्या मध्ये ती दिसली.

दोन अंडी. खाली काडी नाही, पीस नाही, खळगासुद्धा नाही, उघडा मुरूम. कबुतराच्या अंड्यापेक्षा लहान, लांबी इंचाहून किंचित जास्त. कोंबडीच्या अंड्याला एक टोक निमुळतं असतं, इथं दोन्ही टोकं सारखीच गोल. रंग फिकट गुलाबी, आतून उजेड यावा तसा. त्यावर तांबूस तपकिरी धब्बे, आणि त्या धब्ब्यांच्या खालून शाई पाझरल्यासारखे जांभळट डाग. माळावर इतकी नाजूक वस्तू उघड्यावर ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती. मी गुडघे टेकले, मोबाइलवर फोटो काढले, मग आणखी काढले. पाच मिनिटं तरी गेली असतील. ऊन डोक्यावर होतं आणि अंडी त्या उन्हात उघडी होती.

जाताना जागा चुकू नये म्हणून तीन पांढरे दगड त्रिकोणात ठेवले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सातवीतल्या चार मुलांना घेऊन आलो. पाखरू पुन्हा उडालं, पुन्हा पंख मोडल्याचं सोंग केलं. एक पोरगा म्हणाला, "सर, घरटं कुठंय?" मी म्हणालो, "ह्याला घरटं नसतं." मुलं वाकून बघत होती आणि वरती पळसावर दोन कावळे बसले होते. ते मी पाहिले होते. पाहिले आणि त्यांचा अर्थ लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दगडांच्या मध्ये नुसता एक ओलसर डाग होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. माझ्याबरोबर तोच पोरगा होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "दगड काढू का सर?"

ह्यानंतर मी ह्या पक्ष्याबद्दल मिळेल ते वाचलं. आधी ह्यूम. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत ज्यांचं नाव येतं तेच ए. ओ. ह्यूम. पक्ष्यांची घरटी आणि अंडी ह्यांवर त्यांनी मोठा ग्रंथ केला, आणि १८८५ साली आपला सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्यात हजारो अंडी होती. त्या काळी अंडं समजून घ्यायचं म्हणजे ते उचलायचं, भोक पाडून रिकामं करायचं, मोजायचं आणि कापसात ठेवायचं. आज आपल्याला रातव्याच्या अंड्याची लांबीरुंदी ठाऊक आहे ती त्या मोजमापांमुळं, हे नाकारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मात्र शिकारीच्या व्याख्येत अंडी फोडणंच नव्हे, तर अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही घातलं. ते कलम वाचलं तेव्हा मला माझे तीन दगड आठवले.

पण माझी चूक मला नेमकी कळली ती झांबियात झालेल्या एका अभ्यासावरून. एक्सेटर आणि केंब्रिज विद्यापीठांच्या संशोधकांनी तिथं भुईवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या बऱ्याच जागा शोधल्या, पक्ष्यांचे, अंड्यांचे आणि आसपासच्या जमिनीचे फोटो घेतले, आणि शत्रूच्या डोळ्याला काय दिसत असेल ते मोजलं. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. टिटवीच्या जातीचे पक्षी धोका लांबून दिसला की उठून जातात. मागं अंडी उघडी राहतात, म्हणून त्यांची अंडी जमिनीत जितकी मिसळून जातील तितकी ती वाचतात. रातव्याचं उलटं. तो शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही. त्याच्या बाबतीत अंडी वाचतात की नाही हे अंड्याच्या रंगावर नाही, बसलेल्या पक्ष्याच्या पिसांवर ठरतं. पुढच्या वर्षी त्यांनीच आणखी एक गोष्ट दाखवली. एकाच जातीतला प्रत्येक पक्षी आपापल्या अंगाच्या छटेला जुळेल अशी जमीन निवडतो. तो स्वतःला कसा ओळखत असेल, ह्या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणजे त्या पोराला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. रातव्याला घरटं असतं. छप्पर, भिंती, सावली, सगळं तो स्वतःच असतो. मी अंड्यांना हात लावला नव्हता, आणि दोन वेळा घरटं मात्र उचलून फेकलं होतं. पुढच्या सोमवारी वर्गात मी हे मुलांना सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं.

आता पुन्हा त्या २७ एप्रिलकडं येतो. मावशींनी दाखवलेल्या पळसाजवळ मी गेलो नाही. वरल्या अंगानं, शेळ्यांच्या नव्या वाटेनं फिरून तीसेक पावलांवरच्या दगडी बांधामागं बसलो आणि दुर्बीण लावली. दहा मिनिटं काहीच दिसलं नाही. पानं, मुरूम, एक काटकी. मग त्या काटकीच्या टोकाला बारीक फट दिसली आणि फटीत ओलं काहीतरी चमकलं. डोळा होता तो. एकदा डोळा सापडल्यावर सगळा पक्षी आपोआप जुळला. ह्या वेळी खूण म्हणून दगड ठेवला नाही. पळसाचा दुफाटा आणि मागच्या टेकडीवरची एकटी सालई एका रेघेत आली की त्या रेघेच्या बुडाशी रातवा, एवढंच वहीत लिहिलं.

२ मेपासून सुट्ट्या लागल्या आणि मी रोज जाऊ लागलो. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. मेमधलं आमच्याकडचं ऊन ज्यानं सोसलंय त्यालाच त्या पाखराचं बसणं कळेल. दगडावर हात ठेवता येत नाही अशा वेळी ते मुरमावर अंडी पोटाखाली घेऊन असतं. तोंड किंचित उघडं, गळ्याची कातडी भराभर थरथरत असते. त्या थरथरीनं घशातला ओलावा उडतो आणि अंग गार राहतं. रातव्याच्या कुळातले पक्षी ह्या उपायात फार तरबेज आहेत, घाम न येणाऱ्या प्राण्याला तेवढाच आधार. सकाळी त्याची पाठ उगवतीकडं असायची. ऊन चढेल तसा तो न उठता, कळेल न कळेल असा फिरायचा. खालच्या अंड्यांना ऊन नको, कावळ्याला आपली सावली दिसायला नको, अशी ती फिरण्यातली काळजी मला वाटायची.

अंधार पडता पडता बदली व्हायची. लांबून टक्, टक् आवाज यायचा, दुसरा रातवा जमिनीलगत तरंगत यायचा आणि शेजारी उतरायचा. पहिला उठायचा तो थेट उडायचाच. दुसरा दोन पावलं सरकून अंड्यांवर. हे सगळं मिनिटभराच्या आत. एकदोनदा वरून च्वीप, च्वीप असा आवाज करत फ्रँकलिनचा रातवाही जायचा. त्याची आणि ह्यांची भांडणं मी पाहिली नाहीत.

मावशी बऱ्याचदा बांधाजवळ टेकायच्या. मी त्यांना सांगितलं की ह्या पाखराचं शास्त्रातलं नाव कॅप्रिमुल्गस, म्हणजे शेळीचं दूध काढणारा. ॲरिस्टॉटलच्या काळापासून युरोपात लोक समजत की हे पाखरू रात्री शेळीच्या कासेला लागतं आणि शेळी आटते. मावशींनी शेळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "पाखरू कशाला दूध पेईल? शेळ्यांभवती किडे अस्त्यात, त्याच्यासाठी येत आसंल." दोन हजार वर्षांच्या समजुतीला एका वाक्यात इतकं सरळ उत्तर मी पुस्तकात वाचलेलं नाही. शेळ्या राखणाऱ्या माणसालाच हे सुचणार.

आणि किड्यांचंच हे सगळं आहे. वळवाचा पहिला पाऊस पडला की आमच्याकडं हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि दिवेलागणीला कडुनिंबावर, बाभळीवर तुटून पडतात. त्यांची पिल्लावळ पुढं खरिपातल्या मुळ्या कुरतडते. परभणीचं कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना सांगतं की फांद्या हलवून भुंगेरे पाडा, प्रकाश सापळे लावा. त्याच वेळी, त्याच झाडांभोवती रातवा जबडा उघडून फेऱ्या मारत असतो. भुंगेरे, पतंग, जे रात्री उडेल ते.

१२ मेच्या सकाळी पक्षी नेहमीपेक्षा जरा वर उठल्यासारखा दिसला. छातीच्या पिसांतून काहीतरी हललं. एक पिल्लू होतं, बदामी लवेचं, डोळे उघडे. संध्याकाळी दुसरं दिसलं. त्या रात्री मी पंचांग काढलं. बुद्ध पौर्णिमा २३ मेला, म्हणजे अकरा दिवसांवर. उत्तर अमेरिकेतल्या व्हिप-पुअर-विल नावाच्या रातव्याबद्दल असं नोंदलेलं आहे की त्याची पिल्लं सरासरी पौर्णिमेच्या दहा दिवस आधी बाहेर येतात. पिल्लांची भूक वाढते तेव्हा रात्री चांदणं असतं आणि आईबापांना किडे दिसतात. एका जोडीवरून आमच्या रातव्याचा नियम मी सांगणार नाही. पण पंचांगावर बोट ठेवून मी किती तरी वेळ बसलो होतो.

१४ तारखेला दुर्बीण लावली तर रेघेच्या बुडाशी काही नव्हतं. टरफलाचे दोन तुकडे, आतली पांढरी बाजू वर. घशाला कोरड पडली. २०२२ चा तो ओला डाग डोळ्यांपुढं आला. उठून धावत जावं असं वाटलं आणि तेवढंच करायचं नव्हतं. मी बांध धरून बसलो आणि इंच इंच करत दुर्बीण फिरवली. पाऊण तासानं, जुन्या जागेपासून आठदहा हात वर, धावड्याच्या मुळाशी तो डोळ्याचा ओला बिंदू सापडला. पिल्लं पोटाखालीच होती. ह्यांची पिल्लं दोनतीन दिवसांची झाली की आईबाप हलकी हाक देतात आणि ती आपल्या पायांनी तुरुतुरु दुसऱ्या जागी जातात. घरटंच चालत असेल तर पिल्लांनी का थांबावं?

१८ तारखेला पायथ्याला मशीनचा आवाज आला. पाणी अडवण्यासाठी उतारावर चर खोदायचे होते. पाणी आम्हाला हवंच आहे, टँकरचा उन्हाळा मी पाहिलेला आहे. पण कागदावर हा माळ पडीक असतो आणि पडीक जमिनीत कुणी राहतं का हे विचारायचा रकाना कागदावर नसतो. चुन्याची रेघ पळसावरून, धावड्याच्या वरून गेली होती. मशीन चालवणारा पोरगा लांबच्या जिल्ह्यातला, विशीतला. मी त्याला बांधामागं नेलं, दुर्बीण दिली. त्याला दिसेना. मी सालईची रेघ सांगितली, धावडा सांगितला, मूळ सांगितलं. मग त्याचा श्वास थांबलेला मला कळला. "जित्तं हाय का ते, सर?" असं त्यानं कुजबुजत विचारलं. मी म्हणालो, खाली दोन पिल्लं आहेत. त्यानं मुकादमाला फोन लावला, थोडं चढ्या आवाजात बोलणं झालं. शेवटी तेवढा तुकडा सोडून रेघ खालून घ्यायची ठरली. बाकीच्या डोंगरावर त्या आठवड्यात मशीन फिरलं. तिथं आणखी किती रातवे बसले होते, ते मोजायला मी तिथं नव्हतो, आणि ही गोष्ट मला अजून टोचते.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखात्याची माणसं ठिकठिकाणी पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणी मोजत बसतात. मी आमच्या बांधावर होतो. चांदण्यात पळसाच्या पानापानाची सावली पडली होती. मोठा पक्षी दर थोड्या वेळानं यायचा, पिल्लू त्याची चोच आपल्या चोचीत धरायचं आणि तो गळ्यातले किडे त्याच्या तोंडात उतरवायचा. मग पुन्हा वर. मावशीही नातवाला घेऊन आल्या होत्या. नातू पाचव्या मिनिटाला झोपला. मावशी शेवटपर्यंत जाग्या होत्या.

४ जूनला निकाल लागला. संध्याकाळी गावात फटाके वाजत होते. मी माळाच्या गाडीवाटेवर होतो. बॅटरी लावली तर फुफाट्यात दोन लाल निखारे दिसले, आणि जरा पलीकडं आणखी दोन. रातव्याच्या डोळ्यात पडद्यामागून उजेड परतवणारा थर असतो, त्यानं ते असे पेटतात. मी बॅटरी लगेच विझवली. फडफड ऐकू आली नाही. डोक्यावरून एक अंधाराचा तुकडा गेला, मग दुसरा, जरा वेडावाकडा, नव्यानं उडणाऱ्याचा. मृगाच्या तोंडावर पाऊस आला आणि माळ हिरवा झाला.

२०२५ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी परिपाठाआधी मावशींचा नातू वर्गाच्या दारात उभा राहिला. पळत आल्यामुळं त्याला दम लागला होता.

"सर, आज्जीनं सांगितलंय, बसलंय म्हणून. वरल्या अंगानं या म्हणली."